मागच्या बाकावरची नोंद

तो माझ्या धरणावर बसला, ही आमची पहिली भेट.

धरण थर्माकोलचं होतं, भातसाचं. सराव पाठासाठी चार दिवस खपून केलेलं. आटगाव स्टेशनबाहेर शेअर रिक्षात ते मी सीटवर ठेवलं, पिशवी उचलायला वाकले आणि मागून कर्र... असा आवाज आला.

"ओ, उठा! माझं धरण!"

तो उठला. पँटला मागे जलाशयाचा निळा रंग लागला होता, अजून ओला.

"सॉरी... मला दिसलाच नाय." तुकडे हातात घेऊन तो निरखत राहिला आणि हळूच म्हणाला, "पण एक सांगू? दरवाजे उलट्या बाजूला लावलेत तुमी. पाणी डोंगरात चढंल असा."

"तुमाला लय कळतं धरणातलं!"

"बाबा धरणावर नोकरीला हायेत ना. भातसानगरलाच वाढलो मी."

मला भयंकर राग आला. आणि राग येत असतानाच त्याचे डोळे हसरे आहेत, हेही दिसलं. हा माझा दोषच आहे, नको तेव्हा नको ते दिसतं.

पाड्याच्या शाळेपाशी रिक्षा थांबली, तर तोही उतरला. फळ्याशेजारी कॉलेजने लावलेल्या यादीत माझं नाव होतं, रंजिता, आणि पुढे जोडीदार म्हणून रत्नदीप. मी त्याच्या निळ्या पँटकडे पाहिलं. हसू काही आवरेना.

आमच्या शहापूरच्या कॉलेजात चार वर्षांचं बी.ए.बी.एड. आहे. शेवटच्या वर्षी शाळांमध्ये जाऊन पाठ घ्यायचे. एकाने शिकवायचं, जोडीदाराने मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत नोंद करायची. सगळ्यात शेवटी बाहेरचे परीक्षक येतात आणि अंतिम पाठ होतो. गेल्या वर्षी मी त्यातच नापास झाले होते. काय बोलायचं, काय विचारायचं ते आम्ही आधी लिहून नेतो, त्याला टाचण म्हणतात. माझं टाचण हातातून पडलं, पानं उलटसुलट झाली आणि मी भर वर्गात चार मिनिटं मुकी उभी राहिले. बरोबरच्या मुली शिक्षिका झाल्या. मी खर्डीहून परत कॉलेजात येत होते. यंदाही पाठ बाद झाला, तर हे काम आपलं नाही, असं मी स्वतःशी कबूल करून टाकणार होते. आणि मला तर दुसरं काहीच व्हायचं नव्हतं.

रत्नदीपची पहिली नोंद मला तोंडपाठ आहे. 'मुलांकडे पाहिलं: दोनदा. टाचणाकडे: मोजता आलं नाही.'

"असं लिहितात का कुणी? कॉलेजच्या मॅडमची सही होते त्यावर!"

"मग खोटं लिवू काय?"

"जरा प्रेमानं तरी लिहायचं."

"प्रेमानंच लिवलंय." बोलला आणि स्वतःच दचकला. "म्हंजे... आस्थेनं."

त्यानंतर फाट्यापर्यंतची वाट रोज बरोबरच व्हायला लागली. पळस फुलले होते. तो खिशातून बोरं काढायचा, गोड ती मला द्यायचा आणि आंबट ती स्वतः खाताना एक डोळा मिटायचा. मोडलेलं धरण आम्ही दोघांनी मिळून परत चिकटवलं, दरवाजे बरोबर बाजूला लावले. मग तो पारावर मांडी घालून बसायचा.

"शिकवा मला. टाचण पिशवीत."

"तुमच्यासमोर नाय जमत."

"मी पाचवीतला हाय समजा."

"एवढं दाढीवालं?"

"दोनदा नापास झालोय, बाई."

मी हसता हसता शिकवायला लागायचे आणि मध्येच लक्षात यायचं, अरे, हातात कागद नाहीये! पण वर्गात उभी राहिले की पुन्हा ते पान घट्ट धरायचे. नोंदी मात्र सुधारत होत्या. 'मुलांकडे पाहिलं: अकरा वेळा. खिडकीतल्या पळसाकडे: चार. निरीक्षकाकडे: एकदा. चुकून?'

खाली मी लिहिलं, 'चुकूनच.'

अंतिम पाठाचा दिवस उजाडला. माझा अकराला, त्याचा दुपारी दोनला. वर्ग पाचवी, विषय पाण्याचा प्रवास. परीक्षक भिंतीपाशी खुर्चीत, रत्नदीप मागच्या बाकावर. टाचण मी दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मुलांनो, मुंबईला पाणी..."

"भातसावरून!" सगळा वर्ग एकदम ओरडला.

"बरोबर. आणि ते पिण्याआधी..."

"शुद्ध करतात!"

मी पान उलटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतली सावळी नावाची मुलगी मी अजून न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळी झाली. वर म्हणाली, "बाई, आता तुमी धरणाचा दरवाजा उघडून दाखवणार ना? सरांनी काल सांगितला."

परीक्षकांचं पेन थांबलं. "कोणत्या सरांनी?"

वर्गाला आधी शिकवून ठेवलेला पाठ बाद होतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. मागचं बाक करकरलं. रत्नदीप उभा होता.

"मी, सर. काल दुपारी येऊन गेलो. तिला कायच माहीत नाय. ती घाबरते, म्हणून... चार हात वर यावेत, येवढंच. तिचा पाठ बाद नका करू, सर. माझा करा."

आजवर मी 'त्या' होते. आज 'ती' झाले. सगळं बुडत असताना मला हे ऐकू आलं... सांगितलं ना, माझा दोषच आहे.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं उरलीत. यांनी शिकवलेलं सोडून काही शिकवता येत असेल तर घ्या. नाहीतर थांबूया."

टाचणातली एकूण एक ओळ मुलांना येत होती. मी ते टेबलावर ठेवून दिलं. रिकाम्या हातांचं काय करायचं, तेच कळेना. मग मुलांकडे पाहिलं. सावळीचा फ्रॉक खांद्यावर ओला होता.

"फ्रॉक कसा गो भिजला?"

"हंडा डचमळला, बाई."

"किती खेपा केल्यास?"

"तीन."

"बाकी कुणाकडे कोण भरतं पाणी?"

आई. ताई. मी. आजी. ओमकार म्हणाला, "आमच्यात मी नाय भरत," आणि मुलींनी त्याला असं काही चिडवलं की बिचारा उद्यापासून भरायला तयार झाला. मी फळ्यावर विहीर काढली. प्रत्येकाने येऊन आपलं घर आणि विहिरीपर्यंतची वाट काढली. बघता बघता अख्खा पाडा फळ्यावर आला. खडू एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता.

"बाई," सावळीने विचारलं, "धरण हितं जवळ, मग आमाला हंडा का?"

"मला नाय माहीत," मी म्हणाले. वर्गात हे म्हणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. "कुणाला विचारायचं?"

ग्रामपंचायतीला पत्र लिहायचं ठरलं. पहिली ओळ कुणी सांगायची यावर भांडण जुंपलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

"तुमच्या टाचणात यातलं काहीच नव्हतं," परीक्षक म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे वळवला. उत्तीर्ण! मी तो आकडा तीनदा वाचला. रत्नदीपचा पाठ त्यांनी त्या दिवशी घेतलाच नाही. आठ दिवसांनी मुरबाडला, त्याने कधी न पाहिलेल्या शाळेत घ्यायचा, अशी शिक्षा मिळाली.

फाट्याच्या वाटेवर मी कडाडले, "कुणी सांगितलं होतं तुला हे?"

"कुणी नाय. वाटला, तू परत तशी गप उभी राहिलीस तर... मला नाय बघवायचा."

"आणि तुझं वर्ष गेलं असतं म्हणजे?"

तो पायाने माती उकरत राहिला. "मुरबाडला मागच्या बाकावर कोण असंल?"

"मॅडम ठरवतील," मी तोऱ्यात म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मॅडमकडे जाऊन माझं नाव लावून आले.

मुरबाडच्या त्या वर्गात रत्नदीपचा पाठ होता अपूर्णांकांचा. भाकरी आणली होती, चार भाग केले होते, आवाज खणखणीत. पण प्रश्न विचारला की नजर मागच्या बाकावर. उत्तर आलं की परत मागच्या बाकावर. शेवटी सर काय बघतायत म्हणून मुलंच मागे वळून बघायला लागली. मी वहीत मान घातली. नवे परीक्षक गालात हसले, पण पास म्हणून सही दिली.

व्हरांड्यात त्याने माझ्या हातातून वही ओढून घेतली आणि वाचली.

'मुलांकडे पाहिलं: नऊ वेळा. निरीक्षकाकडे: मोजता आलं नाही. सूचना: मुलांकडे बघावं. मागच्या बाकावरची कुठंच जात नाही. जन्मभर.'

तो कानापर्यंत लाल झाला. शेवटचा शब्द त्याने बोट ठेवून पुन्हा वाचला.

"रंजिता... ह्याच्यावर मॅडमची सही लागते."

"लागू दे," मी म्हणाले. "मग खोटं लिवू काय?"