शेवटचा टाका

किल्ल्यात सुया मोजून सहा होत्या आणि त्यातल्या त्यात बरी टर्लोच्या हातात होती. कालपासून चार्ल्सटनच्या किनाऱ्यावरून गोळे येत होते. अमेरिकेचे दोन तुकडे झाले होते आणि पहिला मार बंदरातल्या या किल्ल्याला बसत होता. तोफांची दारू भरायच्या पिशव्या संपल्या, म्हणून शिपायांचे सदरे फाडून नव्या शिवायच्या होत्या. टर्लो आयरिश, पंधरा वर्षं जहाजांवर शिडं शिवलेला. त्याच्यापुढे बाकीच्यांचे टाके म्हणजे कोंबडीचे पाय.

"दादा, माझा निळ्या चौकडीचा सदरा तरी सोड," त्याचा धाकटा भाऊ मॅलकी म्हणाला. तो तोफेवर होता. "आईच्या हातचा आहे."

"आई दुसरा शिवेल. तू धड घरी चल, म्हणजे झालं."

याला परत आणीन, एवढंच वचन टर्लोने आईला दिलं होतं.

बराकी पेटल्या. भर दुपारी डोळ्यांपुढचा हात दिसेना. ओली फडकी तोंडाशी धरून माणसं जमिनीवर पालथी पडली होती. टर्लो चाचपडत शिवत राहिला आणि मॅलकीच्या सदऱ्याची पिशवी संपवताना हाताने जुन्या सवयीने शेवटचा टाका घातला. जहाजावर मेलेल्याला शिडाच्या कापडात शिवतात, तेव्हा हा टाका त्याच्या नाकातून घालतात. मग तो उठून मागे येत नाही म्हणतात.

सुई अडली. कापडात अडते तशी नव्हे... मांसात अडते तशी.

"आई गं!" धुरात मॅलकी कळवळला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. "काहीतरी टोचलं, दादा..."

टर्लोने पिशवी टाकली. तो भावाकडे धावला. परत येऊन पाहतो तर पिशव्यांचा ढीग कोणीतरी कोठारात नेला होता.

शेवटी किल्ला सोडायचं ठरलं. चौतीस तासांत एकही माणूस मेला नाही म्हणून सगळे खुशीत होते. मॅलकीचं नाक मात्र वाहतच होतं. निशाण उतरवताना तोफांची सलामी द्यायची होती, आणि टर्लो वेड्यासारखा कोठारातल्या पिशव्या उपसत होता. निळ्या चौकडीची पिशवी हाती लागली, अजून रिकामी. त्याने दातांनी तो टाका उसवला.

बाहेर मॅलकीचं रक्त थांबलं. "गेलं बघ, दादा!" म्हणत तो तोफेकडे पळाला.

सलामी निम्मी झाली आणि तोफ फुटली.

टर्लो बाहेर धावला, पण धुरात काही दिसेना; तो भिंतीजवळच्या बाकावर बसला. धुरातून मॅलकी चालत आला, काळवंडलेला, आणि शेजारी टेकला.

"लागलं का रे?"

"नाही."

टर्लो ढसाढसा रडला. "गाढवा, जीव घेतलास माझा!"

तेवढ्यात सार्जंट आला. त्याच्या हातात शिडाचं कापड होतं.

"टर्लो... तूच शिव त्याला. परक्याचा हात नको."

"कोणाला?"

सार्जंटने मान खाली घातली. "तुझ्या भावाला."

सार्जंटला बसायला जागा व्हावी म्हणून मॅलकी थोडा सरकला.

"शिवून टाक, दादा," तो हळूच म्हणाला. "आईला काय सांगायचं, ते आपण बोटीत ठरवू."