विमान बदलायला सव्वा तास

नूतनच्या ट्रॅव्हल ऑफिसात अमृत शिरला तो मुळी चुकून. भोरच्या एसटी स्टँडसमोर तिच्या शेजारीच मोबाईलचं दुकान होतं, आणि त्याला हवा होता चार्जर. पण काउंटरमागे नूतन दिसली अन् चार्जर राहिला बाजूला.

"ते... जर्मनीचं तिकीट मिळंल का?"

थाप नव्हती. कंपनी त्याला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला खरंच जर्मनीला धाडणार होती. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावच्या या गड्याने विमान आजवर फक्त आभाळात पाहिलं होतं, एवढंच.

"दुबईला विमान बदलायचं," नूतन म्हणाली. "मध्ये सव्वा तास. याहून कमी वेळाचं तिकीट देतच नाहीत. पण तेवढ्यात जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? राजगड पळत चढतो की!"

"मग दाखवा. स्टँडच्या त्या टोकाला जाऊन पाच मिनिटांत परत या."

स्वारी रुबाबात निघाली. पण वाटेत गावचे रखमाजी भेटले, त्यांनी "कुठं निघालास रं?" विचारलं, आणि उत्तर न देता पुढे जाणं अमृतच्या रक्तातच नव्हतं. मग गावच्याच ठकुबाईंचं तांदळाचं पोतं टेम्पोत चढवून दिलं. तो अर्ध्या तासाने परतला तेव्हा नूतन हसून हसून बेजार झाली होती.

"विमान गेलं तुमचं!"

जायचं तिकीट तिने मध्ये चांगले चार तास ठेवून काढलं. पण अमृतच्या शंका काही संपेनात. बॅगेचं वजन किती, खिडकी कुठली... तो रोज येऊ लागला. खरं तर तिलाही त्या शंका संपायला नको होत्या. त्याचा जाण्याचा दिवस जवळ आला तशी ती धास्तावली. हा गेला आणि तिकडचाच झाला तर?

परतीची तारीख कळली, तसा तो धावत आला.

"येताना सव्वा तासाचंच काढा."

"आणि विमान चुकलं म्हणजे?"

"न्हाई चुकणार. पळत सुटंन. सांगंन सगळ्यांना, माझं माणूस वाट बघतंय..." तो अडखळला. "बघाल न्हवं?"

नूतनची बोटं कीबोर्डवरच थांबली. कानशिलं तापली. झालेला आनंद लपवायला तिने मान खाली घातली. मग तिने गुपचूप चार तासांचंच तिकीट निवडलं, पण त्याने वाकून स्क्रीन पाहिलाच.

"अवं, लई उशीर हुईल की!"

"होऊ दे," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. "सहा महिने थांबणार आहे मी. आणखी पावणेतीन तासांचं काय घेऊन बसलात? तुम्ही फक्त... नक्की या."