गुरुवारी लागणारा दिवा

शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन वाजला, तेव्हा कृष्णात मिस्त्री गॅरेजचं शटर उघडत होता.

"मिस्त्री, दिवा परत लागलाय," संयोगिता म्हणाली.

कृष्णातने शटर अर्ध्यातच सोडलं. एरवी फलटणातल्या निम्म्या गाड्यांचे डॅशबोर्डवरचे पिवळे दिवे बघूनच त्याचं घर चालायचं. पण ही गाडी सुभेदार लालासाहेबांची होती, संयोगिताच्या सासऱ्यांची. या गाडीचा ड्रायव्हर कोंडीबा चौदा दिवसांपूर्वी चोर ठरून म्हसवडला घरी गेला होता. आणि त्याला चोर ठरवणारं वाक्य कृष्णातच्याच तोंडातून निघालं होतं.

सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा एक डबा असतो. गॅरेजवाले त्याला कॅट म्हणतात. तो नीट काम करेना की दिवा लागतो. या गाडीचा लागायचा, कृष्णात चांगलं पेट्रोल भरून स्वतः हायवेला पळवून बघायचा, मग लालासाहेबांच्या अंगणात आणून स्कॅनर लावून बिघाडाचा कोड मिटवायचा, तर गाडी शहाण्यासारखी वागायची. काही दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वैतागून तो बोलून गेला, "त्या डब्यातला धातू महागाचा असतोय. कुनीतरी काढून इकला असंल."

गाडी कुणाच्या हातात असायची? कोंडीबाच्या. लालासाहेबांनी त्याला संध्याकाळच्या आत घालवलं. डबा तपासायचे कष्ट कृष्णातने घेतले नव्हते.

आज घेतले. लालासाहेबांच्या अंगणातच त्याने गाडी जॅकवर चढवली आणि खाली सरपटत गेला. डबा कंपनीचाच होता. वेल्डिंग शाबूत, एका बोल्टलाही पाना लागलेला नव्हता. शिवाय माल काढला असता तर दिवा कायमचा लागला असता, असा मधूनच कशाला? नवशिक्यालाही सुचावी अशी ही गोष्ट त्याला चौदा दिवस उशिरा सुचली होती. गाडीखाली पडल्या पडल्या त्याला स्वतःची लाज वाटली.

बाहेर येऊन त्याने स्कॅनर जोडला.

"वहिनी, कोंडीबा गेल्यापास्नं गाडी कुनी चालवली?"

"कुणीच नाही. आज ट्रॅक्टरला वाट हवी होती म्हणून मी अंगणातच मागं घेतली, तेव्हा दिवा दिसला. मी अजून शिकतेय, गेटबाहेर काढत नाही."

"आन आबा?" त्याने लालासाहेबांकडे बघत विचारलं.

"काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेलाय, दुसराही अधू आहे. गाडीला हात लावायचा नाही म्हणून ह्यांनी शपथ घातलीय. हे तिकडं बॉर्डरवर, पण रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, पेट्रोलचा काटा कुठंय? मी बघून सांगते."

"किती हाय मग?"

"निम्म्यावर. चौदा दिवस हललेला नाही."

ओसरीवर बसलेले लालासाहेब खाकरले. सत्तरी पार, फौजेत उभी हयात ट्रक चालवण्यात गेलेली. "गाडी जागची हाललीबी न्हाई, मिस्त्री. ह्या नव्या गाड्याच नाजूक. आमचं ट्रक तेल पिऊन पळायचं, कवा कुरकुरलं न्हाईत."

कृष्णातने मान डोलावली आणि पडद्याकडे पाहिलं. कोड मिटवल्यापासून गाडी किती पळाली, हे स्कॅनर सांगतो. एकशे बारा किलोमीटर.

त्याने आकडा पुन्हा वाचला. मग बिघाड नोंदला गेला त्या क्षणाची माहिती उघडली. वेग अठ्ठ्याहत्तर, इंजिन पूर्ण तापलेलं, सुरू होऊन चाळीस मिनिटं झालेली.

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेला आणि गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. कोंडीबा चांगला सहा फुटी गडी. संयोगिता मात्र ठेंगणी.

"वहिनी, काल तुमी कुठं हुता?"

तिच्या कपाळावर आठी पडली. "शाळेत. सकाळी नऊ ते पाच. का?"

"आन दर गुरुवारी?"

"शाळेतच. गुरुवारी कोंडीबाची सुट्टी असायची, म्हणून मी एसटीनं जायचे. आता रोजच जाते."

कृष्णातने मनातल्या मनात दिवस मोजले. याआधी तिन्ही वेळा दिव्याचा फोन शुक्रवारीच आला होता.

त्याने इंजिनाकडचा पेट्रोलचा पाइप सोडवून बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात निळसर झाक होती. वास घेतल्यावर त्याला काहीच विचारायचं उरलं नाही. तरी तो गोठ्यामागच्या शेडमध्ये जाऊन आला. गवत कापायच्या मशिनीशेजारी पेट्रोलचा कॅन होता. आत तसंच निळसर पेट्रोल. कॅन जवळपास रिकामा होता.

ओसरीवर येऊन तो लालासाहेबांसमोर खालीच बसला.

"आबा, कुठवर जाता?"

"कोन?"

"तुमी. दर गुरुवारी."

"डोकं फिरलं का तुजं?"

"गाडी एकशे बारा किलोमीटर पळालीया. मधी दोन गुरुवार गेलं. एका खेपंला छप्पन्न. वहिनी शाळंत, आन त्या अजून गेटबाहीर पडत न्हाईत, त्या अठ्ठ्याहत्तरनं पळवनार व्हय? सीट पुढं वढलीया. ठेंगणा मानूस वढतो, तसा कमी दिसनाराबी काचंला नाक लावून बसतो. काटा निम्म्यावरच हाय, म्हंजे जळालं तेवढं कुनीतरी परत भरलं. पंपावर भरलं असतं तर सांजच्याला तुमच्या पोराला, जयराजला कळलं असतं, तितं समदी त्याचीच दोस्त. म्हनून शेडातल्या कॅनमधलं वतलं. गवताच्या मशिनीला पेट्रोलात ऑइल घालावं लागतंय. ते ह्या गाडीत जळालं की कॅट गुदमरतो आन दिवा लागतो. मी चांगलं पेट्रोल भरून पळवली की जळमट निघून जातंय. तेल घातलं तर गाडीचं काय बिघडत न्हाई, असं ह्या घरात एकच मानूस समजतो. आत्ताच बोलला तुमी."

संयोगिता सासऱ्यांकडे बघत राहिली. "आबा?"

लालासाहेबांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"लोणंदपतुर," ते म्हणाले. "लोणंदला जायचं, वळायचं, माघारी. चाळीस वरसं स्टिअरिंग धरलं रं. घरात बसून हात वळवळत्यात."

"आणि कोंडीबा?" संयोगिताचा आवाज चढला. "तुम्हाला माहीत होतं त्याचा दोष नाही. तरी घालवलंत?"

"मिस्त्री चोरी म्हनला. मला वाटलं, सुटलो आपन." त्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली. "ते वंगाळ झालं. लय वंगाळ झालं, पोरी."

कृष्णातला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण सुटकेची वाट त्यानेच तर उघडून दिली होती.

दुपारी कृष्णात आणि लालासाहेब म्हसवडला पोचले. गाडी कृष्णातने चालवली. कोंडीबा दारात शेळीला पाला टाकत होता. लालासाहेबांनी हात जोडले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मला ठावं हुतं, आबा," कोंडीबा म्हणाला. "शुक्रवारी सीट पुढं असायची."

"मग बोलला का न्हाईस?"

"जयराजनं किल्ली काढून घेतली असती. आन तुमी सोताच सांगशिला, म्हनून वाट बघत हुतो."

कृष्णात पुढे झाला. "कोंडीबा, खरा गुन्हेगार मी. न तपासता बोललो."

तेवढ्यात कोंडीबाची बायको अंबूबाई उंबऱ्याबाहेर आली.

"घरात कशाला सांगताय? आमी घरात ह्यास्नी चोर म्हनत न्हवतो," ती म्हणाली. "कामाला वडापवाल्यांकडं गेलं, तर जीपची किल्ली कुनी हातात दीना. कुनी तोंडावर हासलं. तितं चला."

कोंडीबा "ऱ्हाऊ दे गं" म्हणत होता. तिने ऐकलं नाही. ती पुढे, मागे हे दोघे आणि शेवटी कोंडीबा, असे ते वडापच्या, म्हणजे सवारी जीपच्या, स्टँडवर आले. आठ-दहा ड्रायव्हर जीपच्या सावलीला बसले होते.

आधी कृष्णात बोलला. "कोंडीबाला चोर मी म्हनलो. डबा न बघताच म्हनलो. आज बघितला, त्यातलं कायबी चोरीला गेलेलं न्हाई."

ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले. लालासाहेबांनी टोपी काढली. त्यांच्या फौजी आवाजात जोर राहिला नव्हता.

"गाडी मी चालवली. आन चौदा दिस मी गप बसलो."

"मोठ्यानं," अंबूबाई मागून म्हणाली. "पल्याडच्या जीपवाल्यांस्नी ऐकू गेलं न्हाई."

लालासाहेबांनी ते पुन्हा सांगितलं.