सुलैबियातला पितळी रोलर

सुलैबियाच्या बिस्किट कारखान्यात सकाळी यंत्रावरची ताडपत्री काढली, तर आतला पितळी रोलर गायब. बिस्किटांवर नक्षी उठवणारा तोच. इंग्लंडमधल्या एका लहान गावातला जुना कारखाना बंद करून ते यंत्र कुवेतला आणलं होतं. तसा रोलर कोरणारा कारागीर आता उरला नव्हता, आणि तासाभरात परदेशी गिऱ्हाईक यायचं होतं.

संचालक शैलेश यांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला. फिटर सुदेश. पाने त्याच्याकडे, आणि काल दुपारभर यंत्राशी झटत होता तोही तोच. मखफरला, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्याला, फोन करा, पोलीस त्याला घेऊन जातील, असं त्यांनी सुरक्षा अधिकारी राजश्रीला फर्मावलं.

तिने थोडा वेळ मागून घेतला. कुडाळकडचा सुदेश भिंतीला टेकून उभा होता. चोर म्हणून परत पाठवलं तर गावात तोंड कसं दाखवू, एवढंच पुटपुटत होता.

राजश्रीने रोलरची जागा पाहिली. टोकाचा मोठा नट शेजारी नीट ठेवलेला. काल सुदेशने पान्याला पाइप लावून तो नेहमीसारखा डावीकडे ओढला होता. घाम निघाला, नट हलला नाही. गंजलाय, तेल सोडून उद्या बघू, असं सगळ्यांसमोर ठरलं होतं. आता आट्यांवर गंजाचा मागमूस नव्हता.

फाटकातून काल संध्याकाळी फक्त भंगाराची गाडी बाहेर गेली होती. ती सगळ्यांनी मिळून भरली होती.

राजश्री एकेकाला विचारत स्टोअरमध्ये आली. स्टोअरकीपर जयराम नुकताच नोकरीला लागलेला, पन्नाशीचा, अबोल माणूस.

"हे यंत्र तुम्ही आधी पाहिलं होतं, काका?"

"मी कुठून पाहणार?"

"मग रोलर काढला कसा असेल?"

"त्यात काय? नट उजवीकडे फिरवला की निघतो. सुदेशला काय अवघड आहे?"

 राजश्री त्यांना आणि सुदेशला घेऊन शैलेशच्या खोलीत गेली.

"साहेब, साधा नट डावीकडे फिरवला की सुटतो. हा उलट्या आट्यांचा आहे. काल सुदेश ओढत होता तसा तो आणखीच आवळत गेला. आपल्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. यंत्र कधी न पाहिलेल्या जयरामकाकांना मात्र माहीत आहे."

जयरामनी नाकारलं नाही. ते शैलेशकडे पाहत होते.

"वीस वर्षं चालवलंय मी ते. इंग्लंडमधल्या त्याच गावात. फाटकासमोर माझ्या बायकोचं, सुरेखाचं दुकान होतं. कारखाना घेतलात तेव्हा तिच्या हातचे बटाटेवडे खाऊन शब्द दिलात, कुणाला काढणार नाही. वर्षात कुलूप लावलंत. मग खाटकाचं दुकान गेलं, बुटांचं गेलं, शेवटी आमचं. त्या हिवाळ्यात सुरेखा गेली. इथे नोकरी देताना तुम्ही माझा हात हातात घेतलात. ओळखलंही नाहीत."

"रोलर कुठाय?" शैलेशनी विचारलं.

"भंगारात. एव्हाना भट्टीत गेला असेल." जयराम पहिल्यांदाच हसले. "दाखवा आता गिऱ्हाइकाला कोरी बिस्किटं."

"आणि सुदेश?" राजश्रीने विचारलं.

"त्याला दुसरीकडे काम मिळवून देणार होतो."

"साहेबांनीही तुमच्या गावाला असाच शब्द दिला होता ना, काका?"

जयरामचं हसू मावळलं. सुदेशकडे बघणं त्यांना जमेना. "जबाब माझा घ्या," ते हळूच म्हणाले. "त्याचं नाव कुठेही येऊ देऊ नका."

राजश्रीने मखफरचा नंबर लावला. खाली गिऱ्हाइकाची गाडी येऊन थांबली. शैलेश खुर्चीतून उठले नाहीत.