तव्याचं वय

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या पायावर बिडाचा तवा पाडला. आपल्या जुन्या भांड्यांच्या दुकानातून तव्यांची चळत घेऊन ती बाहेर पडत होती, तो आत शिरत होता... व्हायचं तेच झालं.

"निदान किती वर्षांचा तवा पडला, तेवढं तरी सांगा," तो कळवळत म्हणाला.

तिने तवा उलटा केला. पाठीवर ओतकामाचा बारीक, लांबट व्रण होता. ओतायची ती पद्धत केव्हाच बंद पडली होती. "शंभरी उलटलीय याची."

"मग आदराने लंगडतो!"

ती खुदकन हसली. कामाच्या वेळी ती सहसा हसत नसे.

तो पलीकडच्या गल्लीतला चष्मेवाला. दुसऱ्याच दिवशी तो आईचा तवा घेऊन आला. आई नुकतीच गेली होती. "पणजीचा आहे, म्हणायची. किती जुना असेल?" त्याने तव्यावरून इतक्या मायेने हात फिरवला, की तिचा जीव गलबलला. तिला पाहताक्षणीच कळलं होतं. पाठीवरच्या कारखान्याच्या शिक्क्याची अक्षरं पुसट, पाठ खरखरीत. जुन्या तव्यावरून साचा काढून कुणीतरी ही नक्कल ओतली होती.

"जरा... अभ्यास करावा लागेल," ती म्हणाली.

मग तो रोज यायला लागला. कधी चहा घेऊन, कधी नुसताच.

"झाला का अभ्यास?"

"अजून नाही—"

"बरंय. घाई कुणाला आहे?"

तो समोर ठाण मांडून बसला, की तिला आनंदही व्हायचा आणि स्वतःची लाजही वाटायची. खरं सांगितलं, तर त्याची आई खोटी ठरणार आणि हा पुन्हा फिरकणार नाही. पण असं किती दिवस फसवायचं याला?

शेवटी मन घट्ट करून तिने सगळं सांगून टाकलं. त्याने तवा उचलला आणि तो निघून गेला. आठवडाभर तिचं लक्ष दाराकडेच होतं.

आणि एका दुपारी तो आला, ताईला घेऊन. ताईच्या हातात तसाच तवा, पण शिक्का ठसठशीत. दोघांच्या हातातले तवे घेऊन तिने ते एकमेकांवर ठेवले. त्याचा जरासा लहान भरला.

"बीड निवताना आकसतं," ती हळूच म्हणाली. "नक्कल नेहमी लहानच निघते."

ताईचे डोळे भरून आले, तरी ती हसत होती. "आई मला म्हणायची, खरा तुझ्याकडेच आहे, पण त्याला सांगू नकोस!"

"मलाही अगदी हेच!" तो म्हणाला.

"हवा तर बदलून घे रे."

"छे! हा आईने माझ्यासाठी ओतून घेतलाय."

ताईने दोघांकडे एकदा पाहिलं. "मी बाहेर थांबते," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं ना तुम्हाला?" त्याने विचारलं.

"हो..."

"मग इतके दिवस का लावलेत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही यायचं थांबला असतात."

"आणि तरीही सांगितलंत."

"तुमच्याशी खोटं बोलवेना—"

त्याने आपला तवा उचलून घेतला. "मला तुम्ही फार आवडता. उद्यापासून तव्याशिवाय आलो, तर चालेल?"

"उद्यापासून कशाला? आज संध्याकाळीच या," ती म्हणाली.