पासष्ट किलो जास्त

मोठा दिवा नको, तो कोपऱ्यातला पुरे. आणि तुमचा तो कागद जरा इकडे सरकवा. पलंग इथे, शेगडी तिथे, पाण्याची टाकी चाकांच्या मध्ये... छान काढलंय की. जुना ट्रक घ्यायचा, त्यावर घर बांधायचं आणि डांबरी रस्ता संपला तरी थांबायचं नाही. हसू नका, काकाला यातलं कळतं. माझ्या ऑफिसातल्या सोबत्यानं असाच ट्रक बांधला. त्यानं मला जे सांगितलं तेच सांगतो. तो नकाशे काढणारा माणूस, थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्यात नाही.

सगळे त्याला नकाशेवालाच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर वहिनींना घेऊन वर्षभर फिरायचं, हे त्याचं जुनं स्वप्न. ट्रक घेतला तो दणकट, उंच, चारही चाकांना जोर असलेला. आधी कोणाचा होता, कोण चालवायचं, हे विचारायचं राहून गेलं. वरची खोली बांधून दिली त्याच्या शाळेपासूनच्या मित्रानं. तो वेल्डर. लग्न नाही, मागे-पुढे कोणी नाही. सहा महिने स्वतःचं दुकान बंद केल्यावर रोज संध्याकाळी तो या ट्रकवर राबत होता.

नकाशेवाल्याकडे एक वही होती. ट्रकमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू आधी तराजूत घालायची, मग वहीत लिहायची. चमचेसुद्धा. खडकाळ वाटेवर वजन जास्त झालं की गाडीच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोडतात, हे खरंच आहे. पण त्यानं वहिनींनाही वजनाच्या मशीनवर उभं केलं आणि आकडा वहीत लिहिला. दोन दिवस घरात अबोला होता.

खोली तयार झाली तसा तो ट्रक वजनकाट्यावर घेऊन गेला. वहीतल्या बेरजेपेक्षा पासष्ट किलो जास्त भरला. डिझेल मोजलं, टाकी रिकामी केली, बेरीज चारदा तपासली. दुसऱ्या गावच्या काट्यावर नेला. तिथेही पासष्टच.

मग त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. वही चुकत नाही, म्हणजे वेल्डर चुकला. ठरलेला पत्रा न लावता दुकानात पडलेला जाड पत्रा लावला असेल. एका दुपारी कोणी नसताना त्यानं मागच्या दारापाशी रंग खरवडून जाडी मोजली. बरोबर भरली. तरी मन मानेना. इथे बरोबर लावला असेल, आत कुठेतरी जाड लावला असेल... संशयाचं असंच असतं, पुरावा मिळाला नाही की तो जास्त वाढतो.

वेल्डरला ती खरवडलेली जागा दिसलीच. तो चिडला नाही, हेच नकाशेवाल्याला जास्त लागलं. वेल्डर एवढंच म्हणाला, "आज रात्री काट्यावर चल. माझा एक खिळा जरी जास्त निघाला, तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. आणि नाही निघाला, तर तूच ठरव."

मागच्या वर्षीची अठरा जानेवारी, शनिवार. खडीचे ट्रक थांबल्यावर काटा रिकामा असतो, म्हणून रात्री गेले. हा ट्रकमधून, वेल्डर मागून मोटरसायकलवर. पावतीवर वेळ छापलेली आहे, दहा वाजून चाळीस मिनिटं. मी पाहिलीय.

आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवली. कुठल्या चाकांवर किती भार येतो ते असं कळतं. नकाशेवाला खाली उतरला. वहीत पुढच्या चाकांचा जो हिशेब होता, त्यापेक्षा पासष्ट जास्त. सगळं पुढेच. म्हणजे केबिनमध्ये... आणि केबिनला तर वेल्डरनं हातही लावला नव्हता.

वेल्डरनं बॅटरी मारून पाहिलं. सीट रिकामी. सीटखाली काही नाही.

मग तो स्वतः चढला आणि ट्रक मागे घेतला. चाकं काट्यावरून उतरली. प्लेट मोकळी.

आकडा शून्य व्हायला हवा होता.

पासष्ट.

काटेवाला खिडकीतून म्हणाला, माती असेल, झाडू मारा. नकाशेवाल्यानं झाडू मारला. हात लांब करून, बाहेर उभं राहूनच. पासष्ट... पासष्ट...

मग शून्य.

ट्रक पुन्हा चढवला, वजन वहीबरहुकूम. वेल्डर मोकळं हसला. "अरे, काटाच बिघडलाय," म्हणाला, आणि मित्राच्या खांद्यावर हात टाकला. सहा महिन्यांचा शीण उतरला त्याचा. पण दुसरा काटाही पासष्टच दाखवत होता, हे नकाशेवाल्याला ठाऊक होतं. त्यानं पावती घडी करून वहीत ठेवली.

वेल्डर मोटरसायकलवर बसला. किक मारायच्या आधी हेल्मेट घालत होता. मागच्या माणसानं पाय ठेवायचे ते फूटरेस्ट असतात ना, दुमडलेले...

डावीकडचा खाली आला. आपोआप.

मग उजवीकडचा.

गाडीचं मागचं चाक दबलं. वेल्डरनं मान वळवली नाही. त्याला कळलंच नसावं. नकाशेवाल्याच्या तोंडाशी हाक आली होती. एक हाक... पण ट्रक आता स्वच्छ होता. वहिनींची बॅग भरलेली होती. हाक मारली असती, तर ते परत आलं असतं कदाचित.

त्यानं हाक मारली नाही.

हे सांगताना तो माझ्यासमोर ढसढसा रडला. वर्षभराचा प्रवास आठवड्यात सोडून परत आला होता. वेल्डरच्या दुकानापर्यंत तीनदा गेला आणि रस्त्यावरूनच माघारी फिरला. मित्राला काय सांगणार?

शेवटी मीच गेलो, बिजागरी जोडून घ्यायचं निमित्त काढून. वेल्डर ठणठणीत होता. हल्ली गाडी पहिल्यासारखी ओढत नाही, पेट्रोल फार खाते, एवढीच तक्रार. मी सहज विचारलं, मागे कोणाला बसवतोस का? तो म्हणाला, "मला कोण आहे बसवायला? घेतल्यापासून मागे कोणी बसलेलं नाही."

तो आत बिजागरी शोधायला गेला. मी गाडीपाशी वाकलो.

मागच्या दोन्ही फूटरेस्टचं रबर पार झिजलं होतं... आतलं लोखंड दिसत होतं.