बसा की मागं कुणीतरी!

आन्या, दिवा बारीकच राहू दे. अंकुर, फोन उलटा ठेव. मध्येच 'काका, नो वे' म्हणालास तर मी गप्प बसेन, आधीच सांगतोय.

आमच्या संग्रामची गोष्ट. माणूस साताऱ्याकडचा, अमेरिकेत ॲन आर्बर शहराच्या बाहेर शेतांमध्ये घर घेतलेला. चोवीस सालचा बारा जानेवारी, शुक्रवार. बाहेर बर्फाचं वादळ, आणि घर तापवणारी फर्नेस बंद पडली होती. घरी बायको रुचा आणि चार महिन्यांचा वीर. दुरुस्तीवाला म्हणाला, उद्या सकाळी येतो. म्हणून संग्राम पिकअप काढून गावात गेला, दोन इलेक्ट्रिक हीटर घेतले, सीटवर शेजारी ठेवले आणि संध्याकाळी सहा पन्नासला परत निघाला.

पिकअप जुना, जोर सगळा मागच्या चाकांना. हौदा रिकामा असला की बर्फात मागून घसरणारच. ऑफिसातले घसा कोरडा करून सांगत होते, अरे, हौद्यात वाळूची पोती टाक, स्नो टायर लाव. हा म्हणायचा, "वीकेंडला बघू यार." झाले सगळे वीकेंड!

घर दीड मैलावर राहिलं आणि चढावर चाकं गरागरा फिरायला लागली. गाडी जागची हलेना. त्यानं फावड्यानं बर्फ उपसला. पायाखालची मॅट चाकाखाली सारली, ती चाकानं मागं भिरकावून दिली. टायरमधली हवा थोडी सोडली. छे! टायरला लाथ घातली तर स्वतःचाच अंगठा ठेचला. चालत जावं म्हटलं तर पाच पावलांपुढचं दिसत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, इतका वैताग.

तेवढ्यात रुचाचा फोन. "वीरचे हात गार पडलेत रे. रडायचाही थांबलाय. कुठे आहेस तू?"

मग त्याच्या तोंडून गावाकडचं निघालं. तिकडे जीप रुतली की ओरडतात ना, अगदी तसंच. त्या ओसाड अमेरिकन रस्त्यावर हा मराठीत ओरडला, "अरे, बसा की मागं कुणीतरी! वजन पडू द्या!"

आणि आत बसून गाडी रेटली.

मागची बाजू खाली गेली.

एकदम नाही. सावकाश... कुणीतरी चढून नीट टेकावं, तशी.

चाकांनी पकड घेतली.

त्यानं आरशात पाहिलं नाही. मान वळवली नाही. गाडी एकदाही घसरली नाही. मागून आवाज नाही... काहीच नाही.

घर आलं. हीटर उचलून तो दाराकडे पळाला. आणि सवय बघा मेली... कुणी घरापर्यंत सोबत आलं की आपण म्हणतोच ना... तोंडातून निघून गेलं, "या ना आत."

जीभ चावली त्यानं. पण बोलून गेला होता.

गाडीची मागची बाजू वर आली.

...

"देन व्हॉट, काका?"

काही नाही गं. हीटर लावले, खोली ऊबदार झाली, वीर दूध प्यायला. पलंगावर त्याला मध्ये घेऊन दोघं झोपले. सकाळी रुचा म्हणाली, "रात्रभर वीरच्या उशाशी बसला होतास ना तू?"

संग्राम कूसही न बदलता झोपला होता.

वीर खुशाल होता. त्याच्या उशाशी गादी खोल दबलेली होती. रुचानं त्याला पटकन उचलून घेतलं... खळगा तसाच.

मार्चमध्ये नवीन गादी आणली. पहिल्याच रात्री तीही तिथंच दबली.